एक्केचाळीस मरणांची यादी

त्या माणसाचं खरं नाव स्टुडिओच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून राहिलं. बाकी सगळे त्याला हजारमरणी म्हणायचे. हे नाव ठेवलं रेकॉर्डिस्टने. त्या रेकॉर्डिस्टला स्वतःला लोक कानसेन म्हणत, कारण काचेपलीकडे कुणी आवंढा गिळला तरी ह्याच्या कानाला लागायचा. दोघांची जोडी एकोणीस वर्षं जमली. काचेच्या अलीकडे कानसेन, पलीकडे हजारमरणी, आणि भिंतीवर एक लाल दिवा. दिवा लागला की हजारमरणी मरायचा.

घाबरू नका, धंदाच होता त्याचा. व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर माणसं धडाधड मरतात, ती काय मुक्याने मरतात? त्यांच्या वाटचं ओरडायला कुणीतरी जिवंत माणूस लागतो. तो हा. अंगाने पाप्याचं पितर, गळ्याला बारा महिने मफलर, आणि रस्त्याने असा अंग चोरून चालणार की समोरच्याला वाटावं, ह्यानेच कुणाचं काहीतरी उचललंय. पण आवाज! देवाने सगळा ऐवज गळ्यात भरला आणि बाकी अंगाच्या वेळेला हात आखडता घेतला, असं त्याची बायको म्हणायची. ती त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच होती आणि हे सांगायची एकही संधी सोडत नसे.

आधी तो बस डेपोत होता. अमकी गाडी तमक्या फलाटावर लागत आहे, एवढंच दिवसभर सांगायचा. कानसेन एकदा गाडीची वाट बघत तिथे बसला आणि तीन गाड्या चुकवून ऐकतच राहिला. चौथी गाडीही सोडून त्याने खिडकीत डोकं घातलं आणि विचारलं, "ओरडता येतं का हो तुम्हाला?"

"कशासाठी?" हजारमरणीने विचारलं.

"फुटबॉलसाठी."

पहिलं काम ते. बाहेरच्या एका कंपनीला तिचे खेळ आपल्या भाषेत आणायचे होते. जुन्या, टीव्हीला जोडायच्या जाडजूड कन्सोलवरचा फुटबॉलचा गेम, त्यात सहाशे बारा खेळाडू, आणि प्रत्येकाचं नाव तीनदा घ्यायचं. एकदा थंडपणे, म्हणजे चेंडू मैदानाच्या मध्यावर लोळतोय. एकदा चढत्या आवाजात, म्हणजे चेंडू गोलकडे निघालाय. आणि एकदा गळा फाडून, म्हणजे गोल झालाय. असली नावं बोलून बोलून त्याला खोडच लागली. घरी आला की "चहा" असं थंडपणे म्हणायचा, मग "चहाऽ", मग कप हातात पडल्यावर तोंडातल्या तोंडात, पुटपुटत, पण अगदी गोल झाल्यासारखं "चहाऽऽऽ!" बायको म्हणायची, "झाला गोल. आता बशी धुवा."

दुसरं काम हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचं. टोपी घातलेली एक खार फळीवरून फळीवर उड्या मारत वर जाते. तिची उडी म्हणजे "हुप", डोकं आपटलं की "हाय", आणि खड्ड्यात पडली की एक लांबलचक "आऽऽऽ", खोल खोल जाऊन विरणारा. पोरंटोरं रस्त्यात दिसली की त्याच्याकडून "हुप" म्हणवून घ्यायची आणि तोही बिचारा म्हणायचा.

आणि मग आलं ते लष्करी कामकाज. मोठ्या कन्सोलवरचा लढाईचा गेम. त्यात हुकूम होते, शिव्या होत्या, आणि शेवटी एक्केचाळीस मरणं. मरणं नेहमी शेवटी घ्यायची, कारण त्यानंतर गळा दोन दिवस कशाच्याच कामाचा राहत नसे. स्टुडिओत त्यांना मरण म्हणायची पद्धत नव्हती, सगळे नंबरनेच बोलायचे. चार म्हणजे खांद्याला गोळी, छोटा. नऊ म्हणजे आगीत सापडलेला, लांब. सतरा म्हणजे पोटात लागलेली, शेवटी खोकला. एकतीस म्हणजे शेजारी आपला माणूस पडलेला बघून. एकतीस घेतला त्या दिवशी कानसेनने मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

यादीची एक प्रत हजारमरणीने घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली होती. भांडं काढायला दार उघडलं की बायकोला समोर एक्केचाळीस मरणं दिसायची. पण घरी सराव मात्र नाही. घरी तो कधी आवाज चढवायचा नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही ओरडताना ऐकलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही, आणि भांडणं काय कमी झाली होती? एकदा त्याच कपाटाच्या दारात त्याचं बोट चेंगरलं. नख काळंनिळं झालं, तोंड पांढरंफटक पडलं, पण हूं की चूं नाही. फडकं गुंडाळलं आणि बसला.

ती वैतागून म्हणाली, "अहो, दुखलं तर माणसानं ओरडावं की!"

"ते मी पगारावर करतो," तो म्हणाला.

वर म्हणाला, "गळा कामाचा आहे. घरी कशाला खर्चायचा?" तिने कपाळावर हात मारला. अशा माणसापुढे बोलायचं तरी काय?

त्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. एकटेच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना तिचे तिन्ही कन्सोल, हेच तीन खेळ घातलेले, मागे सोडून गेली. हेडमास्तरांना वाया घालवणं माहीत नव्हतं. त्यांनी वेळापत्रक आखलं आणि भिंतीला लावलं. सकाळी सात ते नऊ बागेत फिरणं, दहा ते बारा फुटबॉल, तीन ते चार उड्या, चार ते सहा युद्ध. खेळायचे इतकं वाईट की विचारू नका. फुटबॉलमध्ये आपल्याच गोलात चेंडू घालायचे, आणि युद्धात तर त्यांची अख्खी तुकडी दहा मिनिटांत गारद. मधला स्लॅब कागदासारखा पातळ. म्हणजे हजारमरणी खाली चहा पीत बसलेला असायचा आणि वर त्याच वेळी मरत असायचा.

पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा तिच्या हातातून कपच सुटला. नवरा समोर बसलाय, बिस्किट बुडवतोय, आणि वरून त्याचाच आवाज, पोटात गोळी लागल्यासारखा. तो मात्र मान वर करून, आपल्याच लेकराचं पाठांतर ऐकावं तसं ऐकत होता.

"सतरा," तो म्हणाला. "बरा झालाय नं?"

मग त्याचाच त्यांनी खेळ केला. चार ते सहा चहा चालायचा, वरून आवाज आला की तिने नंबर सांगायचा. सुरुवातीला चुकायची. "एकोणीस!" "छे गं, सतरा. एकोणीसला खोकला नाही." चार वर्षांत तिचा कान असा तयार झाला की कानसेनने तिला नोकरीवर ठेवावं. आवाज सुरू होताच नंबर तोंडात. तिला त्याचा अभिमान होता आणि मनात कुठेतरी किळसही होती. माणसाने आपल्या नवऱ्याच्या मरणाची उजळणी करू नये, असं तिला कधीकधी वाटायचं. पण मग तो हसायचा आणि ती विसरायची.

घसा बसला तो ह्या सगळ्यानंतर. आधी औषधं झाली, मग गुळण्या, मग तपासण्या. शेवटच्या तपासणीचा निकाल घ्यायला दोघं दवाखान्यात बाकावर बसली होती. समोरच्या बाकावर एक गरोदर बाई हातातलं छोटं यंत्र घेऊन वेळ घालवत होती. तिची खार काही केल्या एक खड्डा ओलांडू शकत नव्हती. हुप, आणि मग आऽऽऽ. परत हुप, परत आऽऽऽ. त्याचाच आवाज, खोल खोल जाऊन विरणारा. बायकोच्या अंगावर काटा आला. त्या बाईला आवाज बंद करायला सांगावं म्हणून ती उठत होती, तर त्याने तिचा हात धरला.

"राहू दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पडू दे तिला."

आत डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, सगळंच. श्वास मानेतल्या भोकातून घ्यायचा, तिथे नळी राहील. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. ऑपरेशनला अजून बारा दिवस होते.

त्या बारा दिवसांतली एक दुपार तिला पुढे कायम टोचत राहिली. कानसेनने आपण होऊन फोन केला. "एकदा येऊन साधं बोल. मरू नकोस. वहिनींसाठी घेऊन ठेवू." तिने एका कागदावर वाक्यं लिहून नेली. जेवलीस का. दार लावून घे. मी आलो. झोप आता. रोजची, घरातली. ती काचेच्या अलीकडे कानसेनजवळ बसली. पलीकडे हा उभा राहिला. लाल दिवा लागला.

"जेवलीस का," तो म्हणाला. थंडपणे. मग "जेवलीस काऽ". आणि मग गळा फाटेस्तोवर "जेवलीस काऽऽऽ!"

ती हसली. कानसेन म्हणाला, "अरे, साधं बोल, घरच्यासारखं." त्याने मान डोलावली. "दार लावून घे" हे वाक्य सैनिकांना हुकूम द्यावा तसं आलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. "मी आलो" म्हणताना तर तो आवाज खोल खोल गेला आणि विरला. आता ती हसत नव्हती. कानसेनने दिव्यावर रुमाल टाकला. मग दिवा बंदच केला, गुपचूप मशीन चालू ठेवलं. काही उपयोग नाही. काचेतून त्याला मशीनच्या बटणावरचं कानसेनचं बोट दिसायचं आणि गळा आपोआप कामाला लागायचा.

तास-दीड तासाने तो घामाघूम होऊन बाहेर आला. "नाही जमत," तो म्हणाला. "आत गेलं की तो माझं ऐकत नाही."

"तो कोण?" तिने विचारलं.

त्याने मफलर गुंडाळला आणि पायऱ्या उतरायला लागला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी आणलं तेव्हा मानेत नळी, उशाशी लिहायची पाटी आणि पितळी घंटी. आता जगात त्याचा आवाज उरला होता तो एवढाच, सहाशे बारा खेळाडू, एक खार आणि एक्केचाळीस मरणं.

निघताना नर्सने तिला दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या होत्या. "ह्या ठरलेल्या वेळी द्यायच्या नाहीत हं. जड आहेत. फार दुखतंय म्हणाले की पाण्यात विरघळवून द्यायच्या."

इथेच तिची खरी काळजी सुरू झाली. दुखतंय म्हणणारा हा माणूस होता का? जेव्हा गळा होता तेव्हा म्हणाला नाही, आता काय म्हणणार? ती दिवसातून दहा वेळा विचारायची, "दुखतंय का हो?" तो पाटीवर लिहायचा, "ठीक." घंटी वाजवायचा ती पाणी हवं म्हणून, वर्तमानपत्र हवं म्हणून, खिडकी लावायला. दुखण्यासाठी नाही. गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं. ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, पण बेट्याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. रात्रंदिवस तिला एकच भीती, ह्याला आतल्या आत काहीतरी फाडत असेल आणि मी शेजारी बसून भाजी निवडत असेन.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी वरून पहिला आवाज आला. छोटा. खांद्याचा.

दोघांनी वर बघितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आवाज तर होता की! कुठे गेला नव्हता. ती हसून म्हणाली, "चार."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच मान हलवली. बरोबर.

मग ते रोजचंच झालं. पण हेडमास्तरांचं वेळापत्रक मात्र पार कोलमडलेलं दिसत होतं. युद्ध आता चार ते सहा राहिलं नव्हतं. सकाळी आठला, ती नळी साफ करायला बसली की वरून हमखास आवाज यायचा. चार, कधी सहा. दुपारी तो गिळायला लागला की सतरा. "सतरा," ती म्हणायची आणि चमचा पुढे करायची. तो मान हलवायचा. "बघा, विसरले नाही मी," ती म्हणायची आणि त्याच्या हातावर थोपटून भांडी घासायला जायची. तिला वाटायचं, तेवढाच त्याला विरंगुळा. आपलं काम ऐकायला मिळतंय.

एक गोष्ट तिच्या कानाला खटकली होती. आधी गोळीचा आवाज यायचा आणि मग ओरडणं. आता गोळी नसायची. धाडधूड नाही, हुकूम नाही, काही नाही. शांत घरात, पंख्याची घरघर चाललेली असताना, एकदम मधूनच तो आवाज, आणि परत पंखा. सरांनी काहीतरी बटणं दाबून ठेवली असतील, असं तिने ठरवून टाकलं. म्हाताऱ्याला काय कळतंय त्या यंत्रातलं!

तिसऱ्या आठवड्यात ते वाढलं. पहाटे पाचला सुद्धा. लांब लांब आवाज, बावीस, सव्वीस, आणि एका सकाळी एकतीस. एकतीस ऐकला तेव्हा ती त्याच्या समोरच उभी होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. तिचा संताप संताप झाला. आजारी माणूस खाली झोपलाय, ह्यांना जराही लाज नाही? तिने केरसुणी उचलली आणि तिच्या दांड्याने छताला ठोकलं. ठक ठक ठक. "पुरे!" ती ओरडली. "पुरे करा आता!"

आवाज थांबला. तिने मागे वळून बघितलं तर नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत वरून काही आलं नाही. तिला बरं वाटलं. मग पुन्हा सुरू झालं तेव्हा तिने पुन्हा ठोकलं. तीन दिवस हे असं.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला दार वाजलं. हेडमास्तर उभे होते, हातात घराची किल्ली, चेहरा ओशाळलेला.

"वहिनी, माफ करा. आवाज मी आता शून्यावर आणलाय. अगदी शून्य. तरी तुम्ही ठोकताय. फुटबॉल खेळायचाच नाही का मी?"

"फुटबॉलचं कोण बोलतंय, सर?" ती दारातच कडाडली. "ती लढाई बंद करा. पहाटे पाचपासून चाललंय तुमचं. काही जनाची मनाची?"

"लढाई?" हेडमास्तर गोंधळले. त्यांनी आत खाटेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "अहो, लढाई मी लावतच नाही. ह्यांना दवाखान्यात नेलं त्या दिवशीच ती तबकडी डबीत घालून कपाटात टाकली. म्हटलं, माणूस तिकडे मरणाच्या दारात, आणि आपण इथे बसून... नाही जमलं मला. आणि सकाळी आठला मी घरात असतो का? बागेत असतो मी."

"मग हे ओरडतं कोण?"

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रागावू नका. मला वाटलं, तुम्हीच लावताय. जुनी रेकॉर्डिंगं, त्यांचं मन रमवायला. म्हणून मी काही बोललो नाही. परक्याच्या दुःखात कशाला नाक खुपसा! आवाज खालूनच येतो ना."

"खालून?" ती म्हणाली. "वरून येतो, सर. तुमच्याकडून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतके दिवस दोन घरं एकमेकांची मर्जी राखत गप्प बसली होती आणि मधल्या स्लॅबमध्ये काहीतरी ओरडत होतं.

तेवढ्यात तो आला. नऊ. आगीतला, लांब. हेडमास्तरांनी दचकून छताकडे बघितलं. वर त्यांचं घर, कुलूप लावलेलं, किल्ली त्यांच्या मुठीत. आवाज थांबेना. पूर्वी तो चार-पाच सेकंदांत संपायचा, आज संपत नव्हता.

तिने मात्र ह्या वेळी वर बघितलं नाही. पहिल्यांदाच आवाज सुरू असताना तिने नवऱ्याला नखशिखांत निरखून बघितलं. तोंड मिटलेलं. नळीतून श्वासाची बारीक शिट्टी. चेहरा कोरा, नेहमीसारखा. पण चादरीवर त्याची मूठ आवळलेली होती, मनगटाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आवाज चढला तशी मूठ घट्ट झाली, आवाज उतरला तशी सैल पडत गेली. शेवटचा हुंकार विरला आणि त्याची बोटं उघडली.

"सर," ती कसंबसं म्हणाली, "तुम्ही जा आता." ते गेले, दार उघडंच टाकून गेले.

ती खाटेशी गेली.

"हे तुम्ही आहात?"

त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"कसं करता?"

त्याने खांदे उडवले. माहीत नाही. घाबरलेलाही वाटला तो, तिच्याइतकाच.

"अहो, मग सांगायचं ना! पाटी आहे, घंटी आहे. मी रोज विचारत होते. रोज! ठीक, ठीक काय लिहीत बसलात?"

त्याने पाटी ओढली. अक्षरं वाकडी आली. त्याने पाटी तिच्याकडे फिरवली.

"मला वाटलं तुला कळतंय. नंबर बरोबर सांगत होतीस."

तिने ते दोनदा वाचलं. मग ती खाली फरशीवरच बसली. सकाळी आठला नळी साफ करताना, चार. घास गिळताना, सतरा. एकतीस, तिच्या डोळ्यांत बघून. दर वेळी तिने नंबर सांगितला होता, त्याच्या हातावर थोपटलं होतं, आणि भांडी घासायला गेली होती. आणि शेवटी तर केरसुणी घेऊन त्याला गप्प केलं होतं. खरं दुखणं काहीतरी वेगळं ऐकू येईल, यादीत नसलेलं, अशी ती वाट बघत बसली होती. त्याच्याकडे वेगळं होतं कुठे? होतं नव्हतं ते सगळं त्याने एकोणीस वर्षांत त्या काचेपलीकडे देऊन टाकलं होतं. तिला हुंदका आवरेना. त्याने खाटेवरून हात खाली सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, तर तिला आणखीच रडू कोसळलं.

ती अजून फरशीवरच होती तेव्हा वर पुन्हा आवाज सुरू झाला, सव्वीस नंबरचा. आकडा सवयीने तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि गुडघ्यांवर उठून त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"कुठे?" तिने विचारलं.

त्याने बोट उचललं आणि मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या खाली ठेवलं. तिने गोळ्यांचं पाकीट फोडलं आणि पाणी आणायला उठली.